जुनी मालमोटार आणि खडकाळ वाट



इतिहास म्हटला की राजे, लढाया आणि तह आपल्या डोळ्यांपुढे उभे राहतात. परंतु यंत्रांनाही इतिहास असतो, आणि तो नीट पाहिला तर माणसांविषयी पुष्कळ काही कळते. अमेरिकेच्या पश्चिमेकडील राज्यांत एक छंद सत्तर वर्षांहून अधिक काळ चालत आला आहे. जुनी पिकअप, म्हणजे मागे उघडा हौदा असलेली लहान मालमोटार, विकत घ्यावयाची, ती आपल्या हातांनी नव्याने उभी करावयाची आणि जेथे रस्ता म्हणावा असे काही नाही, अशा खडकाळ वाटांवरून ती हाकावयाची. नवी गाडी घेण्याची ऐपत असलेला माणूसही यासाठी तीस-चाळीस वर्षांची जुनी गाडी का शोधीत फिरतो, हा आजचा प्रश्न आहे. त्याचे उत्तर हौसेत सापडत नाही, इतिहासात सापडते.

साध्या मोटारीत इंजिनाचा जोर दोनच चाकांना मिळतो. तो चारही चाकांना द्यावयाचा म्हणजे पुढच्या चाकांनी वळावयाचेही आणि ओढावयाचेही. ही अडचण सोडवून १९०८ च्या सुमारास विस्कॉन्सिन राज्यातील क्लिंटनव्हिल येथे झाको आणि बेसरडिक या दोघा कारागिरांनी अशी गाडी सिद्ध केली. पुढे १९३५ पासून इंडियानापोलिसची मार्मन-हेरिंग्टन कंपनी फोर्डच्या मालमोटारींना चारही चाकांचा जोर बसवून देऊ लागली. तरीही ही वस्तू सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेरचीच होती.

ती आवाक्यात आणली दुसऱ्या महायुद्धाने. विलीज आणि फोर्ड या दोन कारखान्यांनी मिळून साडेसहा लाखांच्या घरात जीपगाड्या बनविल्या. डॉजने पाऊण टनाच्या दणकट लष्करी मालमोटारी पुरविल्या. युद्ध संपले आणि यांतील पुष्कळ गाड्या शेतकऱ्यांच्या, खाणवाल्यांच्या आणि शिकाऱ्यांच्या हाती आल्या. कारखानदारांनीही ही मागणी ओळखली. १९४५ मध्ये नागरी जीप निघाली, १९४६ मध्ये डॉजची पॉवर वॅगन आणि १९४७ मध्ये विलीजची चारही चाकांनी चालणारी पिकअप. याच सुमारास आपल्याकडे मुंबईत महिंद्र कंपनीने विलीज जीपची जुळणी सुरू केली; म्हणून या घराण्याचा चेहरा आपणांस अगदीच अनोळखी नाही. शेव्हरोलेच्या गाड्यांसाठी मिनिआपोलिसच्या नॅपको कंपनीची जोडसामग्री मिळे. १९५७ पासून ती कारखान्यातच बसवून मिळू लागली.

गाड्या आल्या, तशा वाटाही सापडल्या. युटा राज्यातील मोअॅबजवळ चार्ल्स स्टीन या भूगर्भशास्त्रज्ञाला १९५२ मध्ये युरेनियमचा मोठा साठा लागला. त्या भागात खनिजासाठी धावपळ उडाली आणि कड्याकपारींतून कच्च्या वाटा खोदल्या गेल्या. खाणींचा बहर ओसरला, वाटा उरल्या. १९६७ पासून त्यांच्यावरून दर ईस्टरला जीपगाड्यांची सफर निघू लागली. तिकडे कॅलिफोर्नियात जॉर्जटाउन गावातून टाहो सरोवराकडे जाणाऱ्या रुबिकॉन वाटेवर १९५३ च्या ऑगस्टमध्ये ५५ जीपगाड्या आणि १५५ माणसे निघाली. तोच या छंदाच्या सार्वजनिक रूपाचा आरंभ म्हटल्यास चुकीचे होणार नाही.

आता निवडीकडे वळू. नवख्या माणसाची समजूत अशी असते की, खडक चढावयाचा तर इंजिन मोठे हवे. प्रत्यक्षात येथे वेगाला किंमत नाही, सावकाशीला आहे. इंजिनाचे किती फेरे झाले म्हणजे चाकाचा एक फेरा होतो, हा हिशेब पाहावयाचा. पॉवर वॅगनच्या पहिल्या गिअरचे प्रमाण ६.४०, चारही चाकांना जोर वाटून देणाऱ्या पेटीचे १.९६ आणि आसाचे ५.८३. यांचा गुणाकार ७३ भरतो. इंजिन मिनिटाला हजार फेरे घेत असता चाक चौदाही फेरे घेत नाही. माणसाच्या रमतगमत चालीपेक्षाही गाडी हळू जाते, आणि चालकाला प्रत्येक दगडावर चाक विचारपूर्वक ठेवता येते. युद्धकाळातील तिच्या सहा नळकांड्यांच्या जुन्या इंजिनाची शक्ती आजच्या लहानशा मोटारीएवढीच होती, तरी डोंगरात तिचे काही अडत नसे.

मग सर्वांनी पॉवर वॅगनच का घेऊ नये? कारण तिच्या पुढच्या आणि मागच्या चाकांतील अंतर १२६ इंच. मोठ्या शिळेवरून जाताना एवढ्या लांब गाडीचे पोट मध्येच टेकते आणि अरुंद वळणावर ती अडते. उलट युद्धातील जीपचे हे अंतर अवघे ८० इंच. ती चपळ खरी, पण तीव्र चढावर डळमळते, आणि सामान ठेवावयास तिच्यात जागा नाही. या दोहोंच्या मधली जागा जपानी गाडीने भरून काढली. टोयोटाने १९७९ मध्ये अमेरिकेत आणलेल्या चारही चाकांच्या लहान पिकअपचे हे अंतर सुमारे १०३ इंच होते.

या जपानी पिकअपची येथे एक मौजेची हकीकत सांगण्यासारखी आहे. पश्चिम जर्मनी आणि फ्रान्स यांनी अमेरिकी कोंबड्यांवर जबर जकात बसविली, तिचे उत्तर म्हणून अमेरिकेने १९६४ मध्ये परदेशी मालमोटारींवर शेकडा २५ जकात लावली. जपान्यांनी हौदा वेगळा ठेवून नुसता सांगाडा आणि चालकाची खोली पाठवावयास आरंभ केला, कारण त्यावर जकात शेकडा ४ च होती. हौदा अमेरिकेत बसवीत. ही पळवाट १९८० मध्ये बंद झाली. पण तोवर जपानी पिकअपने बाजारात पाय रोवले होते.

या टोयोटातही जाणते लोक १९७९ ते १९८५ याच सालांची गाडी शोधतात. त्या गाड्यांत पुढची दोन्ही चाके एकाच अखंड आसाने जोडलेली असत आणि खाली साधे पाटे असत. एक चाक दगडावर चढले की आस दुसऱ्या चाकाला खाली दाबतो, त्यामुळे त्याची जमिनीवरील पकड टिकते. सांधे थोडे, म्हणून मोडण्याच्या जागाही थोड्या. पुढे गिऱ्हाइकाला सडकेवर आराम हवासा झाला. फोर्डने आपल्या अर्ध्या टनाच्या पिकअपमधून १९८० मध्ये, टोयोटाने १९८६ मध्ये आणि शेव्हरोलेने १९८८ मध्ये पुढचा अखंड आस काढून टाकला. सडकेवर ती सुधारणाच होती. खडकावर तिचा उपयोग कमी. एका कामासाठी झालेली प्रगती दुसऱ्या कामाला पीछेहाट ठरते, हे यंत्रांच्या इतिहासात वारंवार दिसते. टोयोटाचा वरीलप्रमाणे गुणाकार मात्र सुमारे ३७ च येतो; म्हणून छंदी लोक जोर वाटणारी दुसरी पेटी तिच्यामागे जोडतात आणि तो ८४ पर्यंत नेतात.

एवढे ठरले तरी अखेरची परीक्षा बाकी राहते. इंजिन बदलता येते, गिअर बदलता येतात. परंतु सांगाडा गंजून पोकळ झाला असेल, तर बाकी सारा खर्च पाण्यात. म्हणून शहाणा गिऱ्हाईक रंग पाहत नाही. तो गाडीखाली शिरतो, हातोडीने सांगाडा ठोकून पाहतो, आणि सुटे भाग कोठे मिळतील याची चौकशी आधी करतो. दहा मैलांत माणूस दिसणार नाही अशा ठिकाणी जी गाडी आपली आपल्याला दुरुस्त करता येत नाही, ती कितीही नामांकित असली तरी तिचा भरवसा धरता येत नाही.

या कौतुकाला दुसरी बाजूही आहे, आणि ती लपविणे इतिहासाला शोभणार नाही. १९४२ ते १९४४ या काळात कॅलिफोर्नियाच्या वाळवंटात अमेरिकी सैन्याने रणगाड्यांचा सराव केला. त्या रणगाड्यांचे माग आठ दशकांनंतरही काही ठिकाणी जमिनीवर दिसतात. कोरड्या प्रदेशातील मातीचा वरचा थर एकदा मोडला की तो सांधावयास पिढ्या लागतात. छंदी लोकांची संख्या वाढली तसे हे भय वाढले, आणि १९७२ मध्ये अध्यक्ष निक्सन यांनी सार्वजनिक जमिनींवर अशी वाहने कोठे चालवावी आणि कोठे चालवू नयेत, हे ठरवून देण्याची आज्ञा काढली. त्यानंतर वाटा बंद करा म्हणणारे आणि उघड्या ठेवा म्हणणारे यांचा वाद सुरू झाला, तो आजही मिटलेला नाही.

या वादात दोन्ही पक्षांना एक गोष्ट मान्य व्हावयास हरकत नाही. चाक गरगर फिरले की माती उधळते. ते सावकाश आणि पकड धरून फिरले की जमिनीची हानी कमी होते. जुनी गाडी निवडताना जो हिशेब आपण पाहिला, तो चालकाइतकाच वाटेच्याही हिताचा आहे. आखलेली वाट न सोडणे आणि वाहून जाणारे तेल जमिनीवर न सांडणे, एवढे पथ्य पाळणाऱ्यालाच त्या डोंगरांत जाण्याचा अधिकार मागता येईल. युद्धाने माणसाच्या हाती जी शक्ती दिली, तिला शांततेच्या काळात किती आवर घालावयाचा, हा प्रश्न या लहानशा छंदालाही चुकलेला नाही.