औष्णिक स्थितिस्थापकता

औष्णिक स्थितिस्थापकता ही घन पदार्थांच्या यामिकीची एक शाखा आहे. तापमानातील बदलामुळे पदार्थात उत्पन्न होणारी विकृती व प्रतिबल यांचा अभ्यास तीत गणिती प्रतिमानांच्या साहाय्याने केला जातो.

मूलतत्त्व

तापवल्यावर बहुतेक पदार्थ प्रसरण पावतात. एकजिनसी पदार्थ सर्वत्र सारखा तापला व त्यास प्रसरणाची मोकळीक असली, तर प्रतिबल उत्पन्न होत नाही. प्रसरण अडवले गेले, अथवा एक भाग दुसऱ्यापेक्षा अधिक तापला, तर ते उत्पन्न होते. दोन्ही टोके जखडलेल्या दांड्यासाठी पुढील सूत्र वापरतात :

प्रतिबल = यंग गुणांक × रेषीय प्रसरण गुणांक × तापमानवाढ

पोलादाचा यंग गुणांक सुमारे २०० गिगापास्कल व प्रसरण गुणांक प्रति अंश सेल्सिअस ०.००००१२ आहे. त्यामुळे ३० अंशांच्या वाढीने ७२ मेगापास्कल प्रतिबल येते. दांड्याच्या लांबीवर ते अवलंबून नसते. सुमारे ७७ चौ. सेंमी. छेदक्षेत्राच्या रेल्वे रुळात हा दाब सुमारे ५५ टन भाराइतका होतो. सलग जोडलेले रूळ कडक उन्हात वाकण्याचा धोका यातूनच उद्भवतो.

प्रतिमानांचा विकास

फूरिये यांनी १८२२ मध्ये उष्णतावहनाचा सिद्धान्त ग्रंथरूपाने मांडला. ड्यूआमेल यांनी १८३७ मध्ये त्याची स्थितिस्थापकतेशी सांगड घातली. तापमानामुळे विकृती होते, तशीच विकृतीमुळेही तापमान बदलते. या परस्परसंबंधाची सुसंगत मांडणी बिओ यांनी १९५६ मध्ये केली. मात्र या प्रतिमानात उष्णतेचा वेग अनंत ठरत असे. लॉर्ड व शुलमन यांनी १९६७ मध्ये विलंबकाल समाविष्ट करून ही उणीव दूर केली.

बीड जिल्ह्यातील उदाहरणे

नांदूरघाट (ता. केज) परिसरासह मराठवाड्यात वापरात असलेल्या लाकडी चाकांच्या बैलगाडीत हे तत्त्व परंपरेने उपयोगात आले. लोहार लोखंडी धाव चाकापेक्षा किंचित लहान घडवतो, ती तापवून चाकावर चढवतो व पाणी ओततो. आकसणारी धाव स्वतः ताणली जाते आणि लाकडाचे सांधे घट्ट आवळते.

परळी येथील औष्णिक विद्युत केंद्रासारख्या ठिकाणी हेच प्रतिबल घातक ठरू शकते. बाष्पकाच्या जाड भिंतीची आतील बाजू आधी तापते. त्यामुळे आत दाब व बाहेर ताण निर्माण होतो. तापविण्याचा वेग तोच ठेवून जाडी दुप्पट केल्यास दोन्ही बाजूंच्या तापमानांतील फरक सुमारे चौपट होतो. म्हणून संच सावकाश तापवावे लागतात. वारंवार तापण्या-थंडावण्याने धातूला शीण येऊन तडे जातात. फेब्रुवारी २०१३ मध्ये दुष्काळात पाण्याअभावी परळीची वीजनिर्मिती थांबवावी लागली होती. अशी प्रत्येक बंद-चालू फेरी संचाचे उर्वरित आयुष्य काढताना हिशेबात धरावी लागते.