ओढलेला श्वास, भरलेला श्वास

फुप्फुस स्वतःहून फुगत नाही. श्वासपटल आकुंचन पावून खाली सरकते, बरगड्या वर आणि बाहेर उचलल्या जातात, छातीची पोकळी वाढते. आतला दाब बाहेरच्यापेक्षा किंचित उतरतो आणि हवा आत ओढली जाते. शांत उच्छ्वासाला वेगळे बळ लागत नाही, ताणलेले फुप्फुस आपसूक आक्रसते. पोलिओचा विषाणू मज्जारज्जूतील चेतापेशी मारतो तेव्हा श्वास ओढणारे हे स्नायूच लुळे पडतात आणि फुप्फुस धड असूनही रुग्ण गुदमरतो.

बोस्टनमध्ये १९२८ साली फिलिप ड्रिंकर आणि लुई शॉ यांनी वापरात आणलेले ‘लोखंडी फुप्फुस’ निसर्गाच्याच वाटेने चाले. डोके बाहेर, बाकी शरीर हवाबंद पेटीत. पेटीतला दाब उतरवला की छाती वर येई. यंत्राने अनेकांना जगवले. मात्र गिळण्याचे स्नायूही लुळे पडलेल्या रुग्णांत घशातली लाळ हवेबरोबर श्वासनलिकेत ओढली जाई.

१९५२च्या उन्हाळ्यात कोपनहेगनला पोलिओची भीषण साथ आली. तिथल्या ब्लेगडाम रुग्णालयात अशी पेटी एकच होती आणि छातीवर बसवायची कवचे सहा. श्वसन कोलमडलेल्या पहिल्या ३१ रुग्णांपैकी २७ दगावले. तेव्हा प्रमुख डॉक्टर लासेन यांनी भूलतज्ज्ञ ब्यॉर्न इब्सेन यांना बोलावले. रुग्णांच्या रक्तात वाढलेल्या कार्बन डायऑक्साइडचा अर्थ इतर डॉक्टर चयापचयाच्या बिघाडात शोधत होते. इब्सेन यांचे निदान साधे आणि अचूक होते: श्वास अपुरा पडतो आहे, म्हणून वायू साठतो आहे.

२७ ऑगस्टला त्यांनी बारा वर्षांच्या एका मरणासन्न मुलीच्या श्वासनलिकेला छेद करवून नळी बसवून घेतली आणि रबरी पिशवी हाताने दाबत हवा थेट आत भरली. नळीभोवतीच्या फुग्यामुळे लाळेची वाट बंद झाली. मुलगी वाचली. भूल देताना शस्त्रक्रियागृहात रोज वापरली जाणारी ही रीत रुग्णाच्या खाटेपाशी आणणे हेच इब्सेन यांचे मोठेपण.

पिशव्या दाबायला यंत्रे नव्हती. सुमारे १,५०० विद्यार्थी पाळीपाळीने, रात्रंदिवस, महिनोन्‌महिने खाटेशी बसले. ऐन भरात एकाच वेळी ७० रुग्ण त्यांच्या हातांवर श्वास घेत होते. सुरुवातीचे ८७ टक्के मृत्यूचे प्रमाण पुढे सुमारे २५ टक्क्यांवर आले. या यशात विद्यार्थ्यांचा वाटा डॉक्टरांइतकाच मानायला हवा.

डिसेंबर १९५३मध्ये इब्सेन यांनी कोपनहेगनच्याच महापालिका रुग्णालयात अत्यवस्थ रुग्णांसाठी स्वतंत्र कक्ष उघडला. जगातला पहिला अतिदक्षता विभाग म्हणून त्याचीच गणना होते.