निंबाळकरांची हुकलेली टोपी

भाऊसाहेब निंबाळकर म्हटले की ९ धावांची हळहळ आधी व्यक्त होते. डिसेंबर १९४८ मध्ये पुण्यातील रणजी सामन्यात ते महाराष्ट्राकडून काठियावाडविरुद्ध नाबाद ४४३ वर होते. ब्रॅडमन यांचा ४५२ धावांचा विश्वविक्रम हाताशी आला असताना काठियावाडच्या कर्णधाराने, राजकोटच्या ठाकूरसाहेबांनी, सामनाच सोडून दिला.

मला त्या मोसमाची दुसरी बाजू अधिक बोचते. वेस्ट इंडीजचा संघ तेव्हा भारतात होता. ५ कसोटींपैकी ३ बाकी होत्या. त्यांतल्या एकाही कसोटीत निंबाळकरांना स्थान मिळाले नाही. पुढेही कधी नाही.

काठियावाडची गोलंदाजी दुबळी होती, असे म्हणता येईल. पण प्रथम श्रेणीत त्यांच्या धावा ४,८४१ आणि सरासरी ४७.९३. मी ती खेळी वजा करून हिशेब मांडला. तरी सरासरी ४३ च्या वर राहते, शतके ११ उरतात.

उतारवयात क्रिकेट मंडळाने त्यांना आमच्या नागपूरच्या सी. के. नायडूंच्या नावाचा जीवनगौरव दिला. विक्रम प्रतिस्पर्ध्याने अडवला, कसोटीची टोपी मात्र आपल्याच निवड समितीने. हळहळायचे तर त्या टोपीसाठी हळहळावे.