दप्तरातील पूर्वज

परप्रांती नोकरीत आयुष्य गेलेल्या महाराष्ट्रीय कुटुंबांत एक गोष्ट हमखास आढळते. गावाकडचे फारसे काही उरलेले नसते. वाडा पडलेला, जमीन कुळांकडे गेलेली, देवघरातील टाक तेवढे प्रत्येक बदलीबरोबर हिंडत आलेले. मूळ पुरुषाची कथा मात्र शाबूत असते. तो बहुधा पानिपतावर पडलेला असतो. त्याच्या पराक्रमाबद्दल श्रीमंतांनी गाव इनाम दिलेला असतो, आणि पुढे इंग्रजांनी सनद पाहण्याच्या मिषाने नेऊन तो गाव खालसा केलेला असतो. सेवानिवृत्तीनंतर पहिला मोकळा वेळ मिळाला, की या कथेचा पुरावा शोधण्याची इच्छा होते. मग पुण्याच्या पेशवे दप्तराची वाट धरावी लागते.

या शोधात हाती काय लागते आणि जे लागते त्यावर विश्वास किती ठेवावा, याचा थोडा विचार येथे करावयाचा आहे.

पेशवाई बुडाल्यावर १८१८ साली बाजीराव साहेबांचे दप्तर एल्फिन्स्टन यांच्या ताब्यात आले. इंग्रजांना त्यात इतिहास नको होता. कोणत्या जमिनीवर सरकारधारा घेता येतो आणि कोणती जमीन माफीची आहे, एवढे त्यांना जाणून घ्यावयाचे होते. रोजकीर्दी, घडण्या, ताळेबंद, प्रांतांचे अजमास असे हे मोडी कागद रुमालांत बांधून ठेवले गेले. त्या रुमालांची संख्या आज तीस हजारांहून अधिक आहे. आपल्या पूर्वजाचे नाव असते ते यांतल्या एखाद्या रुमालात. परंतु त्याची वंशावळ तेथे सहसा नसते. पेशव्यांच्या कारकुनाने इनामदाराचे नाव लिहिले, फार तर बापाचे लिहिले. आजा-पणजाशी त्याला कर्तव्य नव्हते. वतनाची तक्रार गोतसभेपुढे गेली तरच करीना लिहून घेतला जाई, महजर होई, आणि त्यात चार पिढ्या सांगितल्या जात.

घरोघरची वंशावळ सरकारात दाखल झाली ती मुख्यतः इनाम कमिशनमुळे. दक्षिण महाराष्ट्रात इनामांची चौकशी १८४० नंतर सुरू झालीच होती; १८५२ च्या अकराव्या कायद्याने तिला पक्के कायदेशीर रूप आले. त्या कायद्याच्या परिशिष्टातील नियम वंशशोधकाने मुळातून वाचावेत असे आहेत. कंपनीचा अंमल येण्यापूर्वी इनाम ६० वर्षे अखंड चाललेले असेल आणि अंमल आला त्या वेळी ते मूळ इनामदाराच्या नातवाकडे किंवा त्या नातवाच्या पुरुषवंशजाकडे कायदेशीरपणे असेल, तर ते वंशपरंपरा चालवावे. ४० वर्षेच चाललेले असेल आणि मुलाकडे अगर मुलाच्या वंशजाकडे असेल, तर भोगणाऱ्याच्या मागे आणखी एक पिढी चालवून खालसा करावे. अर्थ उघड आहे. कागदावर एक पिढी कमी भरली तर गाव जाणार, एक अधिक भरली तर राहणार. वंशावळ हा तोवर श्राद्धाच्या संकल्पाचा आणि सोयरिकीचा विषय होता; या कायद्याने तिला पैशाची किंमत आणली.

इनामदारांच्या कैफियती आणि तकरिरी या दृष्टीने वाचल्या पाहिजेत. इनाम कोणी दिले, कशाबद्दल दिले, कोणाकोणाच्या हातून चालत आले, सनद आहे की नाही, असे प्रश्न विचारले जात. जबाब लिहून घेतला जाई. मग पेशवे दप्तरातील हिशेबांशी तो ताडून पाहिला जाई. हिशेबात त्या वर्षी त्या गावाचे इनाम खर्ची पडलेले नसले, की सनद बनावट असल्याचा संशय येई. बनावट सनदा मुळीच नव्हत्या असे म्हणण्याचे धाडस मी करणार नाही. पण खऱ्या सनदांचे हालही कमी झाले नाहीत. वाळवीने, आगीने, भाऊबंदकीने गेलेल्या कागदाचा जाब नातवाने द्यावा, ही अपेक्षाच कठोर होती. कुळकर्णी-देशपांड्यांच्या घरांतील खाजगी दप्तरेही कमिशनने ताब्यात घेतली. त्याबद्दल लोकांत जो संताप होता तो १८५७ च्या आधीच्या वातावरणाचा एक भाग होता, हे इतिहासकारांनी नोंदविलेले आहे. आणि तरीही ज्या कमिशनने आपले गाव नेले, त्याच कमिशनच्या जबान्यांत आपल्या खापरपणजोबाचे नाव आज सापडते. घरात राहिलेले कागद बहुतेक नाहीसे झाले. जप्त झालेले टिकले.

लोकहितवादी, म्हणजे गोपाळ हरी देशमुख, या कमिशनच्या कामावर होते, हे येथे आठवते. त्यांच्या घराण्याचे मूळ आडनाव सिद्धये. देशमुखीच्या वतनावरून देशमुख हे नाव रूढ झाले. शोध करणाऱ्याची पहिली फसगत होते ती आडनावाच्याच बाबतीत. एकाच मूळ पुरुषाची एक शाखा कुळकर्णी, दुसरी देशपांडे, तिसरी गावाच्या नावावरून ‘कर’ लावणारी. आणि शेजारच्या गावचे कुळकर्णी मात्र अगदी निराळ्या गोत्राचे. कुणब्यांच्या नोंदींत तर आडनाव पुष्कळदा नसतेच. ‘अमुक बिन तमुक’ एवढ्यावर काम भागे. तीच चार नावे एका गावात पिढ्यान्‌पिढ्या फिरत असतात. आज्याचे नाव नातवाला ठेवण्याच्या आपल्या चालीने आजा कोणता आणि नातू कोणता हे ठरविणे अवघड होते.

दुसरी फसगत सनांची. जुन्या कागदांवर सुहूर सन अरबी अंकनामांनी लिहिलेला असतो. ‘खमस तिसैन मया व अलफ’ म्हणजे ११९५. त्यात ५९९ मिळविले, की इसवी १७९४-९५, खर्ड्याच्या लढाईचे वर्ष, येते. ‘तिसा’ म्हणजे नऊ आणि ‘तिसैन’ म्हणजे नव्वद. घाईत एकाबद्दल दुसरा वाचला, तर पूर्वज एकदम ८१ वर्षे मागे जातो, आणि पानिपताच्या लढाईत त्याला घालणे सहज शक्य होते! हौशी कुलवृत्तांतांतून असे पराक्रम झालेले आहेत.

इनाम कमिशनचे काम पुढे मंदावले. १८६३ च्या दोन कायद्यांनी ठरावीक सारा कबूल करणाऱ्या इनामदाराच्या हक्काची खोलवर चौकशी करण्याचे सरकारने सोडून दिले. सरकारशी तंटा मिटला. भाऊबंदांचा सुरू झाला. वतनासंबंधीचा १८७४ चा तिसरा कायदा आला, तेव्हा प्रतिनिधी वतनदार कोण, वडील शाखा कोणती, हे ठरविण्यासाठी मामलेदार-कलेक्टरांपुढे पुन्हा वंशावळी दाखल झाल्या. जमिनीच्या वाटण्या आणि दत्तकांचे तंटे दिवाणी कोर्टांत गेले. मुंबईचे हायकोर्ट १८६२ मध्ये स्थापन झाले, आणि इंडियन लॉ रिपोर्ट्सची मुंबई मालिका १८७६ पासून निघू लागली. या मालिकेचे जुने खंड वकिलांखेरीज कोणी उघडीत नाही. पण महाराष्ट्रातील कितीतरी घराण्यांचे वंशवृक्ष त्यांत छापलेले आहेत, आणि तेही दोन्ही पक्षांनी एकमेकांचे दोष दाखवून तपासलेले. घरच्या माणसाने लिहिलेल्या कुलवृत्तांताला अशी परीक्षा कधी द्यावी लागत नाही.

सर्वांना ठाऊक असलेले उदाहरण ताईमहाराज प्रकरणाचे. पुण्याचे सरदार बाबामहाराज पंडित १८९७ साली वारले. मृत्युपत्राने नेमलेल्या विश्वस्तांत लोकमान्य टिळक होते. १९०१ मध्ये औरंगाबाद येथे ताईमहाराजांनी घराण्याच्या निधोणे येथील शाखेतील जगन्नाथ यास दत्तक घेतले, असे विश्वस्तांचे म्हणणे. त्यानंतर त्याच वर्षी कोल्हापुराकडील बाळामहाराज यांचे दत्तविधान झाले. १९०२ साली टिळकांवर फौजदारी खटल्याचा प्रसंग आला, १९१० मध्ये हायकोर्टाचा निकाल त्यांच्या विरुद्ध गेला, आणि १९१५ मध्ये प्रिव्ही कौन्सिलने तो फिरवून जगन्नाथाचे दत्तक कायम केले. टिळकांच्या चरित्राचा भाग म्हणून आपण हे प्रकरण वाचतो. वंशशोधकाला त्यात दुसरे काही दिसावे. औरंगाबादेच्या एका बैठकीत मुलगा मांडीवर दिला गेला की नाही, या एका प्रश्नावर चौदा वर्षे गेली. तो तंटा झाला नसता तर पुढच्या वंशवृक्षात एक सरळ रेघ आली असती आणि तिच्यामागे काय घडले हे कोणालाही कळले नसते. आपल्या घरच्या वंशवृक्षात अशा किती रेघा दत्तकाच्या आहेत? दत्तकाने गोत्र बदलले की जनककुळाचे नाव पुसलेच जाते.

जबानीवर विश्वास केव्हा ठेवावा याविषयी १८७२ च्या पुराव्याच्या कायद्यात एक मार्मिक तरतूद होती. २०२४ च्या १ जुलैपासून त्याची जागा नव्या कायद्याने घेतली, तरी ते तत्त्व राहिले आहे. मयत माणसाने नात्याविषयी केलेले विधान पुराव्यात घेता येते. मात्र त्याला त्या नात्याची खास माहिती असली पाहिजे आणि ते विधान वादाचा प्रश्न उपस्थित होण्यापूर्वीचे असले पाहिजे. संशोधकांनी हा दंडक अंगी बाणवावा असे मला वाटते. दाव्यासाठी तयार केलेली वंशावळ आणि दाव्यापूर्वी, काही हेतू नसताना लिहिलेली वंशावळ यांच्या योग्यतेत जमीनअस्मानाचे अंतर आहे.

परप्रांतातील वाचकांना या बाबतीत एक सोय आहे, आणि ती आपल्याकडून फारशी वापरली जात नाही. काशी, प्रयाग, गया येथील तीर्थोपाध्यायांच्या वह्या! यात्रेस आलेला पूर्वज स्वतःच्या हाताने आपले गाव, बाप-आजा, बरोबरची माणसे लिहून जाई. तेथे जमीन मिळावयाची नव्हती की जावयाची नव्हती. शिवाय पिंडदानासाठी आई, आजी, पणजी यांची नावे घ्यावी लागतात, म्हणून बायकांची नावेही या वह्यांत येतात. सरकारी दप्तरात बाई दिसते ती विधवा झाल्यावर: ‘अज्ञान अमुक याची पालनकर्ती आई’ म्हणून किंवा दत्तकाच्या दाव्यात प्रतिवादी म्हणून. सुवासिनी असेपर्यंत ती कागदावर नसतेच. त्यामुळे ज्या बाईने मुलगा अज्ञान असता वतन सांभाळले, कचेरीच्या पायऱ्या चढल्या, तिचे नाव घरच्या वंशवृक्षात शोधून सापडत नाही. जबानीच्या कागदावर मात्र तिच्या हातची बांगडी निशाणी म्हणून काढलेली असते.

वंशावळ लिहून ती वापरण्याचे उदाहरण पाहावयाचे असेल तर तंजावरास जावे. बृहदीश्वराच्या देवळात भोसलेवंशाचे चरित्र मराठीत दगडावर कोरलेले आहे. ते १८०३ साली दुसऱ्या सरफोजींनी कोरविले. सरफोजी तुळजाजींचे दत्तकपुत्र. १७८७ मध्ये त्यांना बाजूस सारून अमरसिंग गादीवर आले, आणि १७९८ मध्ये कंपनीने सरफोजींना गादी दिली. पाचच वर्षांनी साऱ्या वंशाचा इतिहास शिलेवर यावा यात योगायोग थोडा आणि गरज अधिक. तो लेख अमोल आहे, यात शंका नाही. पण तो कोणी आणि केव्हा लिहविला हे विसरून वाचू नये.

इनाम-वतने मूठभरांची. बाकीच्यांचे काय? १८३६ साली इंदापूर तालुक्यात गोल्डस्मिड व विंगेट यांनी सुरू केलेल्या मोजणीने प्रत्येक नंबराला खातेदाराचे नाव लागले. ज्याच्या पूर्वजाचे नाव मोडीच्या रुमालात कधीही आले नसते, असा कुणबी तेथे प्रथमच कागदावर आला. १८७५ साली सुप्यापासून दंगे उसळले आणि १८७९ मध्ये दक्षिणेतील शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा झाला. त्याने कोर्टांना सावकाराच्या खताच्या मागे जाऊन मूळ देणे पाहण्याची मुभा दिली. बापाचे कर्ज, आजाचे कर्ज, असे उकलत गेलेले ते खटले म्हणजे गरिबांच्या वंशावळीच होत, फक्त व्याजासकट लिहिलेल्या. महारवतनाच्या कागदांतही हिस्सेदारांची नावे पिढीवार येतात. ज्यांच्या वेठीचा आधार म्हणून तो कायदा वापरला जाई त्यांच्याच पूर्वजांची नावे त्याने जतन केली. तो कायदा बदलावा म्हणून डॉ. आंबेडकरांनी १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात विधेयक मांडले होते. भूमिहीनांचे, भटक्यांचे नाव शोधू गेल्यास ते फौजदारीच्या कागदांत सापडण्याचाच संभव अधिक.

कागदातील एका शब्दाचे मोल आज तर फारच वाढले आहे. २०२३ साली महाराष्ट्र सरकारने न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमल्यापासून जुन्या महसुली आणि जन्ममृत्यूच्या नोंदींत ‘कुणबी’ हा शब्द शोधण्याचे काम जिल्ह्याजिल्ह्यांत झाले. मोडी वाचणाऱ्यांना कधी नव्हे ती मागणी आली. कोतवालबुकात घाईघाईने ‘कु.’ एवढेच लिहिणाऱ्या कारकुनाला शंभर वर्षांनी आपल्या अक्षरावर कोणाच्या मुलाचे शिक्षण अवलंबून राहील याची कल्पना असणे शक्य नव्हते. इनाम कमिशनपुढे उभ्या राहिलेल्या नातवाची आठवण येते. पिढी सिद्ध करण्याचा भार तेव्हाही कागद न ठेवणाऱ्यावरच होता.

शोधास प्रारंभ करणाऱ्याने वरून खाली न येता खालून वर जावे. हाती असलेला सातबारा घ्यावा. त्यावरचे फेरफाराचे नंबर धरून मागे जावे. हक्कनोंदणीचा कायदा १९०३ चा. तेथवर ही साखळी बहुधा तुटत नाही. ‘ए. कु. मॅ.’ ही अक्षरे दिसली, की एकत्र कुटुंबाच्या त्या एका नावामागे पाचसहा भाऊ लपलेले आहेत असे समजावे. त्यापूर्वीसाठी मोजणीचे शेतवार पत्रक, मग वतनाचे रजिस्टर, आणि शेवटी रुमाल. पुण्यास पत्र लिहिताना गावाचा आजचा तालुका व जिल्हा लिहून भागत नाही. पेशवाईत ते गाव कोणत्या परगण्यात, कोणत्या तर्फेत होते ते द्यावे लागते, आणि एकाच नावाची गावे एकाच प्रांतात तीनतीन असतात, म्हणून शिवेवरच्या दोन गावांची नावेही सोबत द्यावीत.