आपला धंदा कोणता?

कापडाचा इतिहास आपण राजेरजवाड्यांच्या पोशाखांतून वाचतो. ते विणणाऱ्याच्या पाठीचा आणि खांद्यांचा इतिहास सहसा कुणी सांगत नाही. कबीर स्वतः विणकर होते. त्यांच्यामागून आम्ही कवींनी ताण्याबाण्याच्या उपमा भरपूर वापरल्या. पण मागावर बसणाऱ्याला काय दुखतं, हे विचारलं नाही.

हा प्रश्न विचारला तो इटलीतल्या एका वैद्याने. मोदेना शहरातले बर्नार्दिनो रामाझ्झिनी यांनी आपल्या घरचा शौचकूप उपसणाऱ्या माणसाची एकदा विचारपूस केली. तिथून ते कारागिरांकडे वळले, त्यांच्या कामाच्या जागी जाऊ लागले. १७०० साली त्यांचा कारागिरांच्या आजारांवरचा लॅटिन ग्रंथ निघाला. रोग्याला विचारायच्या जुन्या प्रश्नांत त्यांनी एकाची भर घातली : आपला धंदा कोणता? दुखण्याची दोन कारणं त्यांनी सांगितली. एक, कामातले घातक पदार्थ. दुसरं, अंगाला न मानवणारी बैठक आणि हालचाल. सणाच्या मिरवणुकीत वाकून, लंगडत चालणारे शिंपी आणि चांभार त्यांनी पाहिले होते. निदान सुटीच्या दिवशी तरी व्यायाम करा, असा सल्ला त्यांनी बैठ्या कारागिरांना दिला.

हे वाचताना मला माझा मोहल्ला आठवतो. १८५७ च्या उठावानंतर उत्तरेतली अनेक मोमीन विणकर कुटुंबं मालेगाव, भिवंडीला आली. माझे आजोबा खड्डामागावर बसत. पाय खड्ड्यात, कंबर वाकलेली, हात दिवसभर चालू. १७३३ साली इंग्लंडमध्ये जॉन के यांनी धावता धोटा काढला. पुढे तो आपल्याकडेही आला. धोटा या हातातून त्या हातात फेकणं संपलं. पण दोरीला हिसका देणारा हात तोच राहिला. आजोबांचा खांदा पन्नाशीआधीच धरला. डॉक्टर म्हणाले, ‘वयाचं आहे.’ धंदा विचारला नाही, असं आजी सांगायची.

मग यंत्रमाग आले. बैठक गेली, उभं राहणं आलं. तुटलेला धागा जोडायला वाकणं राहिलंच. १९४८ च्या कारखाना कायद्याने उभ्याने काम करणाऱ्यांसाठी बसायची सोय सांगितली. पण दहापेक्षा कमी माणसांची घरगुती शेड त्या कायद्याच्या बाहेरच राहिली.

तीन महिन्यांहून जास्त टिकणाऱ्या वेदनेला वैद्यक आज जुनाट वेदना म्हणतं. ती टाळायचे उपाय महागडे नाहीत. मागाची, बाकाची उंची माणसाच्या मापाची हवी. तीच हालचाल तासन्‌तास नको. मध्ये थोडी उसंत, कामाची अदलाबदल हवी. आणि दुखणं नवं असतानाच दाखवायला हवं. कंबर धरली की अंथरूण धरा, हा जुना सल्लाही मागे पडला आहे. हेलसिंकीच्या पालिका कामगारांवरचा अभ्यास १९९५ साली प्रसिद्ध झाला. दोन दिवस पडून राहिलेल्यांपेक्षा झेपेल तेवढी रोजची कामं चालू ठेवणारे त्यात लवकर बरे झाले. पायात बधिरपणा वा अशक्तपणा आला, लघवी-शौचावरचा ताबा गेला, तर मात्र तातडीने दवाखाना गाठावा.

हुन्नर हातात असतो, असं आपण म्हणतो. मग तो हात टिकवणं एकट्या कारागिरावर का सोडायचं? मालकाने बाक बदलावा, डॉक्टरांनी धंदा विचारावा. त्यांनी नाही विचारला, तर आपणच सांगावा.