वीस फुटांच्या आतला दिवा

आमच्या एका मित्राने उतारवयात शिडाची होडी घेतली. माणसं त्या वयात कवळी घेतात, काठी घेतात. याने होडी घेतली. मुंबई बंदरात ती नांगरली आणि एका संध्याकाळी मला तिच्यावर चहाला नेलं. अंधार पडताच त्याने बटण दाबलं. "बघ!" डोलकाठीच्या टोकावर, चाळीस फूट उंच, पांढरा दिवा लागला होता. खरं सांगतो, मला तो शुक्र वाटला.

थोड्याच वेळात एक मचवा आमच्या कुशीला घासून गेला. तांडेल ओरडला, "दिवा लावायला काय झालं?"

"वर बघा की!"

"वर कशाला बघू? मी होडी हाकतोय की पतंग उडवतोय?"

प्रश्न बिनतोड होता. उत्तरासाठी मी घरी येऊन इतिहासात शिरलो. १८६३ साली इंग्लंडने फ्रान्सशी सल्लामसलत करून समुद्रावरचे नियम केले. या दोघांचं एकमत झालं, म्हणजे प्रकरण गंभीरच असणार! सातवं कलम सांगतं : नांगरलेल्या जहाजाने पांढरा दिवा उत्तम दिसेल तिथे लावावा, पण जहाजाच्या अंगापासून २० फुटांहून उंच नको. कंदील गोल, ८ इंच व्यासाचा. उजेड चहूकडे, निदान एक मैल दिसणारा. आमच्या घरी मुलाची कुंडलीसुद्धा इतकी काटेकोर मांडली नव्हती.

मग टोकावरचा पांढरा दिवा कुणाचा? आठव्या कलमात तो वाटाड्यांच्या, म्हणजे पायलटांच्या, शिडाच्या होड्यांना दिलाय. त्या काळी आमच्या मित्राला आगबोटींनी बंदराची वाट विचारली असती. आणि याला गिरगावातून दादरला जायचं तर दोनदा विचारावं लागतं!

पुढे १९७२ चे आंतरराष्ट्रीय नियम झाले, १९७७ पासून लागू झाले. त्यांत लहान होड्यांपुरते ते ८ इंच नाहीत, २० फूटही नाहीत. 'उत्तम दिसेल तिथे' एवढं राहिलं. म्हणून शिडवाल्यांनी डोलकाठीचं टोक गाठलं. तिथे शिडाची किंवा काठीची आड येत नाही, दिवा दुरूनही दिसतो. चूक काहीच नाही. फक्त जवळच्याला तो दिसत नाही. आणि धडकायचा असतो तो जवळचाच!

हे मी मित्राला सांगितलं. वहिनी म्हणाल्या, "माळ्यावर दिवाळीचा आकाशकंदील आहे." पण तो निघाला लाल-हिरवा, आणि ते रंग चालत्या होडीचे. शेवटी त्याने टोकावरचा दिवा बंद ठेवला आणि डोलकाठीपुढच्या तारेला, पुरुष-दीड पुरुष उंचीवर, पांढरा कंदील टांगला. डोलकाठीची सावली मागे पडत होती. तो उभा-आडवा सरकवून ती होईल तेवढी कमी केली. डेकवरही उजेड पाडला. त्याला नियमाची मुभा आहे.

त्या रात्री तोच मचवा आला, लांबूनच वळला आणि निघून गेला. तांडेल एक अक्षर बोलला नाही. मित्राला थोडं वाईट वाटलं. मी म्हटलं, "अरे, समुद्रावर याहून मोठं प्रशस्तिपत्रक नसतं."