भरदार अक्षराचे कुळ

मराठी मुद्रणाचा इतिहास सांगताना आपण शिशाच्या खिळ्यांची थोरवी गातो, आणि ते यथायोग्यच आहे. परंतु जाडजूड, गोलसर, दुरूनही डोळ्यांत भरणाऱ्या मथळ्याच्या अक्षराचे कुळ शोधू लागले, तर ते ओतशाळेत न सापडता हाताच्या वळणात सापडते. १८३१ साली गणपत कृष्णाजींनी मुंबईत शिळाप्रेसवर पंचांग छापले, तेव्हा लेखकाच्या हातचे वळणच दगडावर उतरत असे; अक्षर किती भरदार असावे यावर त्या हाताखेरीज दुसऱ्या कोणाची हुकमत नव्हती.

पुढे जावजी दादाजींनी १८६९ साली निर्णयसागर छापखाना काढला आणि राणोजी रावजी आरू यांच्या कसबातून घडलेल्या तेथील टाइपाने संस्कृत व मराठी ग्रंथांना अपूर्व सौष्ठव दिले. मात्र ते सौष्ठव वाचनाच्या बारीक अक्षराचे होते. देवनागरी अक्षराच्या माथ्यावर वेलांटी व मात्रा, पायाशी उकार, पोटात गाठ, आणि शिवाय जोडाक्षरांचा सारा परिवार. अशा अक्षराची रेघ जाड करू जावे, तर पोट बुजते, शाई भरते, आणि ‘घ’ कोणता व ‘ध’ कोणता हे ओळखणे दुष्कर होते. त्यातून शेकडो खिळ्यांचा संच केवळ मथळ्यांसाठी नव्याने कोरून घेणे म्हणजे मोठ्याच खर्चाची बाब.

तेव्हा हे अक्षर कुंचल्याकडेच राहिले. कमल शेडगे यांनी नाटकांच्या जाहिरातींसाठी रेखाटलेली नावे ज्यांनी वर्तमानपत्रांतून पाहिली आहेत, त्यांना नाटकाची प्रकृती अक्षराच्या अंगलटीतून कशी प्रकट होते हे निराळे सांगावयास नको. माझ्या मते विसाव्या शतकातील मराठी अक्षरकलेचा खरा खजिना ग्रंथांत नसून या जाहिरातींत आहे. पण ते नाव त्या एका नाटकापुरते. जुळाऱ्याला त्यातून दुसरा शब्द जुळविता येत नसे.

ती उणीव संगणकाने भरून काढली. मुंबईच्या ‘एक टाइप’ या संस्थेत सारंग कुलकर्णी व त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘मोदक’ हा टाइप घडविला, त्यात अक्षराच्या पोटातील पोकळी बारीकशा पांढऱ्या रेघेवर आणून ठेवली, आणि तरीही अक्षर वाचता येते. ज्या अडचणीपाशी शिसे थबकले होते, तिचे हे उत्तर मला फार मोलाचे वाटते. त्याच संस्थेच्या ‘बालू’ या गोलसर, ठसठशीत टाइपाने देवनागरीसह नऊ भारतीय लिप्यांना एका घरात आणले, आणि त्या त्या लिपीतील भावंडाला तिथलीच भावाची हाक नाव म्हणून दिली: गुजरातीत भाई, बंगालीत दा, उडियात भाइना, गुरुमुखीत पाजी, कानडीत तम्मा, तेलुगूत तम्मुडू, तमिळमध्ये तंबी, मल्याळममध्ये चेट्टन. हे दोन्ही टाइप कोणासही विनामूल्य वापरता येतात.

ज्यांच्या घरी जुन्या नाटकांच्या जाहिरातींची कात्रणे अद्याप असतील, त्यांनी ती कृपा करून रद्दीत घालू नयेत.